तुरुंग हा विद्यापीठाचा विषय आहे

महाराष्ट्रात कारागृह शिपाई व्हायचं तर बारावी पास असावं लागतं, मैदानी चाचणीचे पन्नास गुण असतात आणि मग शंभर गुणांचा लेखी पेपर. मैदानी म्हणजे मुलांसाठी १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. तालुक्या-तालुक्याच्या अकादम्यांत पोरं-पोरी पहाटे अंधारात धावायला उतरतात, भरती कधी निघेल याची वाट पाहत वयाची मर्यादा गाठतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या दीडशे गुणांत तुरुंगासाठी राखलेला एकही गुण नाही. न्यायाधीन बंदी (ज्याचा खटला अजून चालू आहे) आणि सिद्धदोष बंदी (ज्याचा गुन्हा सिद्ध झाला आहे) यांच्या हक्कांत फरक काय, जामीन मंजूर होऊनही माणूस आत का राहतो, बराकीतला एखादा पोरगा दोन दिवस जेवला नाही तर काय समजायचं, हे कुणी विचारत नाही. निवड होते, प्रशिक्षण होतं, त्यात कवायत आणि सुरक्षेचा भाग मोठा असतो, आणि बाविशी-तेविशीतल्या त्या मुलाच्या हातात बराकीच्या किल्ल्या येतात.

यात त्या मुलाचा काही दोष नाही. जे विचारलं गेलं ते त्यानं पाठ केलं. दोष आपला आहे, कारण तुरुंग हा शिकण्या-शिकवण्याचा विषय आहे असं आपण कधी मानलंच नाही. शेतीसाठी या राज्यानं चार कृषी विद्यापीठं काढली. पशुवैद्यकासाठी वेगळं विद्यापीठ काढलं, आरोग्यासाठी काढलं, तंत्रज्ञानासाठी काढलं. माणसाला कोंडून ठेवायचं आणि एक दिवस परत गावात सोडायचं, हे काम मात्र हाताखाली काम करता करता येतं, असं आपण धरून चाललो आहोत.

माझं म्हणणं सरळ आहे. गुन्हेगारी न्यायव्यवस्था आणि सुधारसेवा हा विषय राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत, मराठीतून, पूर्ण पदवीचा विषय म्हणून शिकवला गेला पाहिजे. तो शिकणाऱ्यांसाठी तुरुंगात, न्यायालयात आणि परिविक्षेच्या, म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवण्याच्या, कामात पदं असली पाहिजेत. आणि हा विभाग गृहखात्याच्या ओंजळीनं पाणी पिणारा नसावा. यातली शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिच्याकडे पुढे येते.

आपल्या खात्याचं नाव ‘कारागृह व सुधारसेवा’ आणि ब्रीद ‘सुधारणा व पुनर्वसन’. आता आत कोण आहेत ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२, म्हणजे शंभरातली जवळपास ७६, न्यायाधीन बंदी होती. त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. तुरुंग १३१ टक्के भरलेले होते. ज्याचा गुन्हाच सिद्ध नाही त्याची सुधारणा कशी करणार? त्याला लागतं वेगळंच. त्याला तारखेला न्यायालयात हजर केलं पाहिजे, आणि ‘गार्ड मिळाला नाही’ म्हणून तारीख वाया जाता कामा नये. त्याचा वकील कोण आहे हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. तो आत आहे हे घरी कळलं पाहिजे. बाहेरची नोकरी, भाड्याची खोली, शाळेतलं पोर यांचं काय झालं हे कुणीतरी विचारलं पाहिजे. यातलं प्रत्येक काम कसबाचं आहे आणि कसब शिकवावं लागतं.

एक उदाहरण जवळून सांगते. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना मी क्षेत्रकार्यासाठी तुरुंगात नेत असे, तेव्हाचं. ऊसतोड मजुराचा विशीतला मुलगा, मोबाईल चोरीचा गुन्हा. जामीन मंजूर होऊन महिना उलटून गेला होता, पण पंधरा हजारांचा जामीनदार मिळत नव्हता. आई-वडील तोडीला कर्नाटकात. मुलाला पाठ असलेला एकच नंबर, तोही बंद. आमच्या एका विद्यार्थिनीनं त्याच्याशी बोलता बोलता मुकादमाचं नाव काढलं, नावावरून गाव काढलं, गावच्या सरपंचाकडून मुकादमाचा नंबर मिळवला. आई फोनवर आली. आपला मुलगा पुण्यात कामाला आहे असंच ती माऊली धरून होती. गावात जमीन चुलत्याच्या नावावर, आणि त्याच्याशी बोलणं बंद. म्हणजे सातबाराही नाही. मग त्या मुलीनं मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना गाठून जामिनाची अट बदलून वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडावं असा अर्ज करायला लावला, आणि त्याला जोडायला घरच्या परिस्थितीचा दीड पानी अहवाल लिहिला. कोणतं कुटुंब, कोणत्या टोळीत, उचल किती घेतलेली, मुलगा किती शिकला, सुटल्यावर कुठे राहील. न्यायाधीशांनी तो वाचला आणि मुलगा सुटला.

मला त्यातली सलणारी गोष्ट अशी, की जातमुचलका म्हणजे काय हे त्या मुलीला वर्गात कुणी शिकवलेलं नव्हतं. न्यायालयाच्या व्हरांड्यात बेंच क्लार्कला विचारून तिनं ते समजून घेतलं. अहवाल कसा लिहायचा हेही तिनं मनानंच ठरवलं. ती हुशार होती, चिवट होती, म्हणून जमलं. त्याच बराकीत तसेच आणखी किती जण असतील, ज्यांच्या वाट्याला अशी कुणी आली नाही.

आणि आता तर हे काम कुणाच्या चांगुलपणावर सोडायचं राहिलेलंच नाही. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की जामीन मिळूनही सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी परिविक्षा अधिकारी किंवा विधी स्वयंसेवक यांच्या मदतीनं बंद्याच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीचा अहवाल तयार करवून घ्यायचा. महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालयानं आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करायचा. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये गरीब बंद्यांसाठी योजना आणली, तिच्यात न्यायाधीन बंद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड भरता न आल्यानं अडकलेल्या सिद्धदोषासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची सोय ठेवली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, की पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले सोडून, त्याला मुचलक्यावर सोडायचं. आणि तसा लेखी अर्ज न्यायालयात करण्याची जबाबदारी थेट तुरुंग अधीक्षकांवर टाकलेली आहे. म्हणजे कायदा आहे, आदेश आहे, पैसाही आहे. हजारो कागदांतून पात्र माणूस हुडकणारा, त्याच्याशी बोलून खरी परिस्थिती काढणारा आणि ती न्यायालयाला पटेल अशा भाषेत लिहिणारा माणूस मात्र आपण तयारच करत नाही.

आपल्याकडे ही परंपरा नाही असंही नाही. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ सालची. स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचे वॉल्टर रेकलेस संयुक्त राष्ट्रांतर्फे भारतात आले, तुरुंग पाहिले आणि जुनी जेल मॅन्युअलं बदलून तुरुंगांची सुधारकेंद्रं करा असं सांगून गेले. त्याच दशकात टाटा संस्थेत गुन्हेशास्त्र आणि सुधार प्रशासनाचा अभ्यास उभा राहिला. पुढे मध्य प्रदेशात सागर आणि तमिळनाडूत मद्रास विद्यापीठात हा विषय रुजला. टाटा संस्थेच्याच ‘प्रयास’ या प्रकल्पानं १९९० पासून मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात, म्हणजे आपल्या आर्थर रोडला, बंद्यांसोबत काम सुरू केलं. समाजकार्यकर्ता तुरुंगात आणि पोलीस ठाण्यात बसून काय करू शकतो हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिलं. या कामाचं ऋण मोठं आहे.

पण एका संस्थेनं, मुंबईत, इंग्रजीतून, मोजक्या जागांवर राज्याचं काम कसं भागायचं? नांदेड, अमरावती, जळगाव, सोलापूर, गडचिरोली इथल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलाला हा विषय कसा भेटतो ते पाहा. समाजकार्याला गेला तर एखादा पेपर. मानसशास्त्राला गेला तर एखादं प्रकरण. कायद्याला गेला तर भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्याचा कायदा, सगळं बारकाईनं. फक्त न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली की अभ्यासक्रम संपतो. तिथून पुढे पाच, दहा, चौदा वर्षं जे चालतं, संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल), माफीचे दिवस, बराकीतली कामं, मुदतपूर्व सुटका, त्याबद्दल फौजदारी वकिली करणाऱ्यांनाही अशिलाच्या बायकोकडून कळतं.

दुसरीकडे न्यायसहायक विज्ञानाची, फॉरेन्सिकची, भरभराट चालू आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय संस्था आहेत. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० मध्ये झालं, त्याचं एक संकुल गोव्यात आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं, त्यामुळे पदंही निघणार. हे चांगलंच आहे. मारून कबुली घेण्यापेक्षा रक्ताच्या डागाचा अभ्यास कधीही बरा. पण मुलं तिकडे जातात कारण तिकडे कायद्यानं काम निर्माण केलं आणि कामानं पदं निर्माण केली. सुधारसेवेत कायद्यानं काम निर्माण करून ठेवलं आहे आणि पदांचा पत्ता नाही, हा फरक विद्यार्थ्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

सामुदायिक सेवेचंच घ्या. १ जुलै २०२४ पासून ही आपल्या कायद्यातली एक शिक्षा आहे. सहा गुन्ह्यांना ती देता येते: पहिल्यांदाच केलेली आणि मुद्देमाल परत दिलेली पाच हजारांच्या आतली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, बदनामी, असे. कल्पना उत्तम आहे. चोरीच्या पहिल्या प्रकरणात पोरगा आत गेला तर महिन्याभरात तो काय काय शिकून बाहेर येतो हे तुरुंगाशी संबंध आलेल्या कुणालाही विचारा. पण सामुदायिक सेवा म्हणजे नेमकं काय करायचं? कुठे? सरकारी दवाखान्यात झाडू मारायचा, की झाडं लावायची, की शाळेच्या भिंती रंगवायच्या? हजेरी कोण घेणार? तो चौथ्या दिवशी आला नाही तर लगेच न्यायालयात कळवायचं, की घरी जाऊन पाहायचं? गावासमोर त्याची शोभा होऊन तो आणखी बिघडू नये याची काळजी कोण घेणार? जगात ज्या देशांत ही शिक्षा रुळली तिथे तिच्या मागे प्रशिक्षित परिविक्षा अधिकाऱ्यांचं जाळं आहे. आपल्याकडे अपराधी परिविक्षा कायदा १९५८ सालचा. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली माणसाला सोडण्याची त्यात तरतूद आहे. महाराष्ट्रात परिविक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाखाली येतात आणि बालन्यायाच्या कामातून त्यांची मान वर होत नाही. त्यामुळे मोठ्या माणसांच्या खटल्यांत हा कायदा पुस्तकात राहिला. सामुदायिक सेवेचंही तसंच होईल, ही भीती मला दिसते आहे.

आता त्या अटीकडे येते.

गुन्हेगारांविषयीचं ‘शास्त्र’ आपल्या भूमीवर एकदा येऊन गेलं आहे, आणि त्यानं काय केलं हे महाराष्ट्रानं विसरता कामा नये. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच समजावर उभा होता, की सुताराचा मुलगा सुतार तसा चोराचा मुलगा चोर. माणूस जन्मताच गुन्हेगार ठरला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, भामटा अशा कितीतरी जमातींच्या वाट्याला हजेरी आणि पास आले, कित्येकांना वसाहतींत तारेच्या आत जावं लागलं. सोलापूरच्या त्या वसाहतीला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. पोलीस अधिकाऱ्यांनी या जमातींची वर्णनं लिहिली, कोण कशी चोरी करतो, कोणत्या वेषात फिरतो, कोणती भाषा बोलतो. आणि ती वर्णनं तज्ज्ञांचं ज्ञान म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती मुक्त झाल्या. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडचा १९५९ चा. आजही गावात घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्याच्या पालावर जाते.

ही जुनी गोष्ट नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. अनेक राज्यांच्या जेल मॅन्युअलांत जात पाहून काम वाटण्याच्या तरतुदी तोवर जिवंत होत्या: सफाई अमुक जातीकडे, स्वयंपाक तमुक जातीकडे, आणि विमुक्त जमातीचा माणूस सराईत गुन्हेगार धरावा असे उल्लेख. न्यायालयानं त्या रद्द केल्या, बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि मॅन्युअलं दुरुस्त करायला तीन महिने दिले. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर. एवढी वर्षं ही मॅन्युअलं वाचून त्यांवर बोट ठेवणारे अभ्यासक प्रत्येक राज्याच्या विद्यापीठात असते, दरवर्षी एखादा प्रबंध, एखादा लेख निघत राहिला असता, तर हे काम एका पत्रकाराच्या अंगावर पडलं असतं का?

म्हणून विभाग स्वतंत्र हवा. निवृत्त पोलीस अधिकारी आणि निवृत्त जेलर यांच्या अनुभवाला तिथे जागा असावी, त्यांनी तास घ्यावेत, पण काय शिकवायचं आणि कशावर संशोधन करायचं हे त्यांनी ठरवू नये. अमेरिकेचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. १९६८ नंतर केंद्र सरकारनं पोलिसांच्या शिक्षणासाठी महाविद्यालयांत पैसा ओतला, ठिकठिकाणी ‘क्रिमिनल जस्टिस’चे विभाग उघडले. त्यांतले बरेच पोलिसांनी पोलिसांना दिलेल्या शिकवण्याच ठरले अशी टीका तिथेच झाली. दुसरीकडे बर्कली विद्यापीठाचं गुन्हेशास्त्राचं नामवंत विद्यालय १९७६ मध्ये बंद झालं. आणि पुढच्या चार दशकांत त्या देशातल्या कैद्यांची संख्या वीस लाखांच्या पुढे गेली. पदव्या वाढल्या म्हणून तुरुंग शहाणे होतात असं मी म्हणत नाही. १९७४ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांच्या एका लेखातून ‘सुधारणेचे कार्यक्रम काही कामाचे नसतात’ असा अर्थ राजकारण्यांनी उचलला आणि वर्षानुवर्षं वापरला. पाच वर्षांनी मार्टिन्सन यांनी स्वतःच आपलं म्हणणं बरंच मागे घेतलं, तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही. विद्यापीठातलं ज्ञानही असं सोयीनं वापरलं जातं. त्यावर उपाय एकच दिसतो, की तपासणारे बरेच असावेत, वेगवेगळ्या ठिकाणी असावेत आणि त्यांचे पगार तुरुंग चालवणाऱ्यांच्या हातात नसावेत.

नॉर्वेत तुरुंगातल्या साध्या रक्षकालाही दोन वर्षांचं पगारी शिक्षण घ्यावं लागतं, त्यात मानसशास्त्र, कायदा, नीतिशास्त्र असतं. लहान आणि श्रीमंत देश आहे, आपली त्याच्याशी बरोबरी होत नाही, हे मान्य. पण दोन वर्षांऐवजी आपण सहा महिने धरू. नव्या शिपायानं सहा महिने विद्यापीठात बसावं, त्याच वर्गात समाजकार्याची आणि कायद्याची मुलं असावीत. खाकीतला मुलगा आणि झोळी अडकवलेली मुलगी यांनी एकाच बाकावर बसून एकाच बंद्याच्या प्रकरणावर वाद घातला, तर दोघांचंही भलं होईल. शिपायाला बराकीतलं जे दिसतं ते विद्यार्थिनीला कधी दिसणार नाही. रात्री कोण रडतं, पोस्टाच्या दिवशी कोण गप्प होतं, घरच्यांच्या मुलाखतीहून परतल्यावर कुणाच्या हालचाली बदलतात, हे सगळं जुन्या सुभेदारांना पाठ असतं. आज ते त्यांच्याबरोबर निवृत्त होतं. कुणी विचारत नाही, कुणी लिहून घेत नाही.

अभ्यासाला विषय कमी आहेत असं कुणी म्हणेल तर त्याला मी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीला घेऊन जाईन. १९३९ मध्ये औंध संस्थानात, राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या अभियंत्याच्या प्रेरणेनं तिथे स्वतंत्रपूर ही बंद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही, गज नाहीत. बंदी आपल्या बायकापोरांसह राहतो आणि शेती करतो. स्वातंत्र्याआधी, एका छोट्या संस्थानात, मराठी मुलखात हे झालं. सांगली जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत येतो. स्वतंत्रपुरात राहून गेलेल्यांचं पुढे काय झालं? तिथे वाढलेली मुलं कुठे आहेत? बंद तुरुंगातून सुटलेल्यांच्या तुलनेत त्यांतले किती पुन्हा गुन्ह्यात सापडले? आजूबाजूच्या गावांनी त्यांना कसं वागवलं, मजुरीला बोलावलं का, लग्नाला बोलावलं का? एका विभागाला पंधरा-वीस वर्षं पुरेल एवढं काम त्या एका वसाहतीत आहे. पैठणचं, येरवड्याचं खुलं कारागृह आहे. बंद्यांना सात टक्क्यांनी पन्नास हजारांपर्यंत कर्ज देणारी राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना २०२२ पासून आहे. त्या कर्जातून कुणाच्या घराचं काय सावरलं हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रबंध आहे. ‘गळाभेट’ कार्यक्रमात बाप लेकराला तासभर मांडीवर घेतो, त्यानंतर घरी काय घडतं हा मानसशास्त्राचा आहे. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर तुरुंगात राहू शकतात. त्या मुलांनी बाहेर आल्यावर पहिल्यांदा बैलगाडी, रस्ता, कुत्रा पाहिला की त्यांना काय होतं, हे बालशिक्षणवाल्यांनी पाहायचं आहे.

हे सगळं बोललं की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो रागानं विचारलेला असला तरी रास्त आहे: ज्याचं घर फुटलं, जिच्यावर अत्याचार झाला, तिच्यासाठी विद्यापीठ काय करणार? गुन्हेगाराचेच लाड किती? मी त्या लोकांना भेटले आहे आणि त्यांचा राग मला परका वाटत नाही. पण आपल्या व्यवस्थेत आज पीडितेचाही अभ्यास कुणी करत नाही. अत्याचारग्रस्तांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, पण तिचे कागद भरताना बाईला किती वेळा तीच हकीकत सांगावी लागते हे तिच्याबरोबर बसलेल्यालाच ठाऊक. आरोपी जामिनावर सुटला हे तिला बहुधा तो गल्लीत दिसल्यावर कळतं. शिक्षा भोगून तो परत येणार, आणि बहुतेक वेळा त्याच गावात, त्याच वस्तीत परत येणार. तो येण्याआधी तिच्याशी कुणी बोलायला नको का? त्याच्याशी बोलायला नको का? चांगला अभ्यासक्रम या दोघांनाही समोर ठेवतो, आणि एकाकडे पाठ केल्यावर दुसऱ्याचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

दुसरा प्रश्न नोकरीचा. मुलांना पदवी देऊन करायचं काय? इथे मात्र सरकारला पळवाट नाही. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीनं १९८३ मध्येच तुरुंग आणि सुधारसेवेसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा असावी अशी शिफारस केली होती. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनं दर २०० बंद्यांमागे एक सुधार अधिकारी आणि दर ५०० मागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक असं प्रमाण घालून दिलं. पावणेसहा लाख बंद्यांना हा हिशेब लावला तर देशभरात सुधार अधिकारीच जवळपास २,९०० आणि मानसशास्त्रज्ञ ११०० च्या वर लागतात. आणि निम्म्याहून जास्त राज्यांनी मानसशास्त्रज्ञाचं पदच मंजूर केलेलं नाही. सेवाप्रवेश नियम बदलून या पदांना सुधारसेवेची पदवी आवश्यक करावी, परिविक्षा अधिकाऱ्यांची वेगळी फळी फौजदारी न्यायालयांसाठी उभारावी, आणि प्रत्येक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अहवाल लिहिणारा पूर्णवेळ माणूस नेमावा. विद्यापीठं आणि सरकार दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत बसली, एक म्हणणार पदं नाहीत म्हणून विद्यार्थी नाहीत आणि दुसरं म्हणणार शिकलेली माणसं नाहीत म्हणून पदं नाहीत, तर आणखी चाळीस वर्षं अशीच जातील. पहिलं पाऊल पदांचं असावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ते सरकारच्या हातात आहे आणि त्याला इमारत लागत नाही.

विद्यापीठांनीही त्याची वाट पाहत बसू नये. जिल्हा कारागृहाशी करार करून क्षेत्रकार्य सुरू करायला, कायदा-समाजकार्य-मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक सामाईक पेपर काढायला, मराठीत क्रमिक पुस्तक लिहवून घ्यायला कुणाची मंजुरी अडत नाही. पुस्तकाचं पहिलं प्रकरण सेटलमेंटचं असावं. विद्यार्थ्यांना बंद्यांच्या भाषेत बोलता आलं पाहिजे, आणि ती वडारी असते, पारधी असते, अहिराणी असते, कोरकू असते, बंबईया हिंदी असते. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात १९९७ पासून विद्यार्थी आणि कैदी तुरुंगाच्या आतच एका वर्गात बसून एकच अभ्यासक्रम शिकतात. येरवड्याच्या आत असा वर्ग भरवायला पुण्याएवढं योग्य शहर दुसरं कुठलं?

आणि त्या वर्गातले आतले विद्यार्थी सुटल्यावर बाहेरच्या विभागात यायला हवेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची, इग्नूची अभ्यासकेंद्रं तुरुंगांत आहेत. शिक्षा भोगता भोगता लोक बीए होतात, काही एमए होतात, पेपरात फोटो येतो. त्यातल्या एखाद्याला सुधारसेवेतच पुढे शिकायचं असेल, तर चारित्र्य पडताळणीच्या कागदापाशी त्याला अडवू नका. त्याला प्रवेश द्या, वसतिगृहात खोली द्या, आणि क्षेत्रकार्यासाठी त्याला पुन्हा तुरुंगात, या वेळी ओळखपत्र घालून, जाऊ द्या. ही परवानगी देण्याचा अधिकार कुलगुरूंना आणि कारागृह महानिरीक्षकांना आज आहे, त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.